चेंबरमधलं तांबं

डॉक्टर जीभ बघून माणसाचं पोट ओळखतो. मी थेट गाडीचं पोटच उघडून बघतो. त्यात माझं निदान चुकलं असं म्हणणारा माणूस भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत अजून जन्माला यायचाय. आलाच असेल तर त्याच्याकडे गाडी नसेल.

अंकाचे संपादक म्हणाले, "मेस्त्री, धंद्यातलं काहीतरी लिहा, पण खरं लिहा." मी म्हटलं, खरंच लिहितो, पण थोडं तेलपाणी केल्याशिवाय माझ्याच्यानं काही सुरू होत नाही. तेवढं चालवून घ्या.

भोरहून भाटघरकडे निघालात की डाव्या हाताला माझं गॅरेज लागतं. आता पुतण्या चालवतो आणि मी खुर्चीत बसून त्याच्या चुका काढतो. पण ज्या काळात मी स्वतः गाडीखाली झोपायचो, त्या काळात माझ्या घरच्यांनी माझा चेहरा कमी आणि पाय जास्त बघितले. बायको तर म्हणते, बाजारात तुम्हाला मी चपलांवरून ओळखायचे.

आमच्या धंद्यात आवाज ऐकून सांगणारे मेस्त्री पुष्कळ. धूर बघून सांगणारे त्याहून पुष्कळ. मी चेंबर वाचणारा. चेंबर म्हणजे काय, ते ज्यांचा गाडीशी संबंध फक्त बसण्यापुरता आहे त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाच्या तळाला पत्र्याची एक खोलगट परात बोल्टांनी आवळलेली असते. इंजिनातलं तेल वर चढतं, फिरतं, सगळ्यांना भेटतं आणि पुन्हा त्या परातीत उतरतं. उतरताना वाटेत जे झिजलं, तुटलं, चेचलं, ते सगळं सोबत घेऊन येतं. वरच्या मजल्यावर नवराबायकोचं काय वाजलंय ते खालच्याला कळतंच ना, तसं.

माझी रीत अशी. तेल कोमट असतानाच घमेल्यात सोडायचं. धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळायचं. मग चेंबर खाली घेऊन तळाशी बसलेला काळा गाळ बोटानं काढायचा, डिझेलमध्ये धुवायचा आणि उरेल ते इनॅमलच्या पांढऱ्या ताटात पसरायचं. हे ताट आमच्या लग्नाच्या रुखवतातलं. एकदा गॅरेजात आलं ते परत स्वयंपाकघरात गेलं नाही, आणि त्यावरून जे बोलणं मी खाल्लं तेवढं त्या ताटात कधी जेवलोही नसेन.

मग लोहचुंबक फिरवायचं. चिकटलं, काळं आणि फुटक्या बांगडीसारखं धारदार असलं तर पिस्टनची रिंग. न चिकटणारं, हलकं आणि पांढरं असलं तर पिस्टनच खरवडला गेलाय. नखाच्या तुकड्यासारखं तपकिरी प्लॅस्टिक असलं तर साखळीचा गाइड. तुकडा एकही नाही, पण तेलात माशाच्या खवल्यासारखी चमक आहे, तर बेअरिंग झिजायला लागलं.

आणि तांबं. तांबं दिसलं की मेस्त्री लोक आधी डोक्यावरची टोपी काढतात. कारण बेअरिंग म्हणजे एक चिरोटा असतो. सगळ्यात वर मऊ करडा पापुद्रा, त्याखाली तांब्याचा, त्याखाली पोलादाचा. इंजिनाची क्रँक, म्हणजे मधला जाड दांडा, त्या वरच्या मऊ पापुद्र्यावर तेलाच्या आधारानं फिरते. तो पापुद्रा गेला की तांबं उघडं पडतं आणि चेंबरमध्ये उतरायला लागतं. त्यानंतर क्रँक धरणार, मग इंजिन बसणार. जुन्या गाडीला एवढा खर्च कोण करतो? ती भंगारात जाते.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. वाचताना मात्र गाडीबरोबर माणूसही वाचावा लागतो. सारोळ्याचा एक टेम्पोवाला होता. त्याच्या चेंबरात निघाले काळे, लांब, लिबलिबीत दोरे. ते बघून गडी मागं सरला. "मेस्त्री, ह्ये जंत तर न्हाईत?" आधीच्या कुणी मेस्त्रीनं चेंबर बसवताना कडेला सिलिकॉन फार थापलं होतं, ते आत दाबलं जाऊन त्याचे दोरे झाले होते. पण एवढ्या श्रद्धेनं विचारल्यावर नाही कसं म्हणणार? म्हटलं, "जंतच हायेत. गाडीला कुठलं पाणी पाजतोस?" पुढं कित्येक महिने तो रेडिएटरमध्ये उकळून गार केलेलं पाणी घालायचा. गाडीचं त्यात काही बिघडलं नाही. उलट त्या गाडीएवढा स्वच्छ रेडिएटर मी आजतागायत बघितलेला नाही.

दुसरा भाटघरचा. ट्रॅक्टर धुवायला म्हणून धरणाच्या पाण्यात घातला, तो छातीएवढ्या पाण्यापर्यंत. तेलात पाणी शिरून चेंबरातून चहा निघाला. वेलची टाकायची बाकी होती, बस.

हे झाले खेळ. ज्यासाठी लेखणी उचलली ते तांब्याचं आहे.

गुंजवण्याचा बाळू वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी, जीप चालवायचा. गुंजवण्याहून मार्गासनी करत नसरापूरला, आणि माघारी. त्याची जीप इतकी चालली होती की तिचा किलोमीटरचा काटा कंटाळून केव्हाच थांबला होता. ती चंद्रावर जाऊन माघारी आली असती आणि वाटेत दोनदा सीट भरायला थांबली असती. त्या जीपमध्ये माणसं किती मावतात ते बाळूलाही ठाऊक नव्हतं. तो उतरताना मोजायचा.

दसरा तोंडावर होता. भातं निसवली होती. बाळू तेल बदलायला आला आणि सहज म्हणाला, "मेस्त्री, मधी दोनचार दिवस पुढनं करकर वाजत व्हती. मंग आपोआप बंद झाली."

हे वाक्य तुम्हीही ध्यानात ठेवा. मी ठेवलं होतं.

जुनी गाडी, तिला आवाज येऊन गेलेला, म्हणून म्हटलं चेंबर उतरवूनच बघू. गाळ धुतला, ताटात पसरला, आणि पांढऱ्या ताटात लालभडक चकाकलं. तांबं! चुरा, पापुद्रे, गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे.

माझ्या बाकड्यावर नाना बसलेले होते. नाना म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एसटीच्या स्टेअरिंगवर त्यांनी जेवढी वर्षं काढली त्याहून जास्त माझ्या बाकड्यावर काढलीत, आणि दोन्हीकडे हॉर्न तेवढा जोरात वाजवला. त्यांनी ताटात डोकावून निकाल दिला.

"गेलं इंजिन. तांबं दिसलं, तेराव्याचं सामान आणा."

"नाना, मला बघू तरी द्या."

"आता काय बघायचं र्‍हायलंय? आन् बाळू, तुला तरी कशाला पायजे ह्यो खटारा? शिरवळच्या कंपनीत बसवर ड्रायव्हर पायजे म्हणून तुला बोलावलंय ना? दे भंगारात आन् जा बायकूला घिऊन. महिन्याच्या महिन्याला पगार."

नानांना सगळ्या तालुक्याच्या बातम्या असतात, म्हणून मी पेपर घेत नाही. पण ही बातमी मला नवी होती. बाळूचं घर मला माहीत होतं. बाप नाही. शेतातला चांगला तुकडा धरणात गेलेला, उरलेल्या खाचरात आई भात लावते. आई म्हणजे हिराबाई, आम्ही सगळे तिला काकी म्हणतो. तिनं गाव सोडायला ठाम नकार दिलेला. म्हणजे जीप भंगारात गेली की बाळू शिरवळला आणि काकी गुंजवण्यात एकटी. ताटातलं तांबं कुणाचं, यावर एका घराची चूल एक राहणार की दोन होणार, ते ठरणार होतं.

बाळू वाकला. ताटाला हात लावायचा नाही हा माझ्या गॅरेजचा कायदा आहे, पण ज्याच्या घरचं मयत त्याला कोण अडवणार? त्यानं बोटानं तांबं चिवडलं, थोडा वेळ बघत राहिला, बोटं पँटला पुसली आणि म्हणाला, "भंगारवाल्याला फोन लावतो."

"ताट वाचून झाल्याबिगर फोन लावायचा न्हाई," मी म्हणालो. "उद्या दुपारी ये."

"उद्या सकाळी शिरवळला जायचंय. बोलावलंय त्यांनी."

"मंग तिकडनं ये."

तो गेला आणि मी बेअरिंगची एक कॅप खोलली. आता माझी छाती किती इंच फुगली ते सांगत नाही, बनियन तेव्हापासून सैल आहे. बेअरिंग नव्या रुपयासारखं होतं. वरचा करडा पापुद्रा जागच्या जागी. दुसरी कॅप खोलली, तीही तशीच. चिरोट्याचा वरचा पापुद्रा शाबूत असताना आतलं तांबं बाहेर येईल कसं?

आणि ती करकर! बेअरिंगचा आवाज आणि म्हातारपणचा खोकला आपोआप जात नसतो. तो वाढतच जातो. दोनचार दिवस वाजून थांबलं, याचा अर्थ काहीतरी चावलं जात होतं आणि ते चावून संपलं.

मी ताट उन्हात नेलं. एक मोठासा तुकडा चिमट्यात धरून बघितला. बेअरिंगचं तांबं पोलादाला चिकटवलेलं असतं, ते कणाकणानं सुटतं, त्याचा असा सरळ पत्रा निघत नाही. हा होता पातळ पत्रा, सोनाराकडचा असावा तसा. एका बाजूला गिअरच्या दात्यांचे व्रण, आणि दुसऱ्या बाजूला ठिपके. कुणीतरी खिळा ठोकून ओळीत पाडलेले ठिपके, आणि त्या ठिपक्यांचा एक आकडा.

"नाना, कुठल्या कंपनीच्या बेअरिंगवर मराठीत नऊ लिहिलेलं असतंय?"

नाना म्हणाले, "कोल्हापूरकडच्या असंल."

त्या जीपच्या इंजिनाला तेल घालायचं तोंड पुढच्या बाजूला होतं, टायमिंगच्या गिअरांच्या पेटीवरच. तिथून काही आत पडलं तर आधी गिअरांच्या दात्यांत जातं, तिथं त्याचा चिवडा होतो, आणि चिवडा खाली चेंबरात. पण तेलाचं झाकण काढून आत तांब्याचा पत्रा टाकणारा माणूस कोण? बाळू स्वतः टाकणार नाही. आणि ते झाकण कुठलं हे माहीत असलेलं त्या घरात दुसरं कोण?

दुसऱ्या दिवशी बाळू शिरवळला गेलेला असणार हे धरून मी फटफटी काढली आणि गुंजवण्याला गेलो. राजगड त्या दिवशी ढगात होता, दिसला असता तर त्यालाही विचारलं असतं. काकी ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या.

"या मेस्त्री. गाडी मेली का?"

"मेली न्हाई काकी. तिनं काय खाल्लंय ते शोधत आलोय."

"गाडी काय खाती? डिझेल."

"डिझेल पिती. खाल्लंय तांबं."

काकींची बोटं सुपात थांबली. एक खडा काढला, अंगणात फेकला, कोंबडी धावत आली, फसली, परत गेली. मग काकींनी खाली मान घालून विचारलं,

"किती खाल्लं?"

वाचकहो, पोलिसात गेलो असतो तर मी आज कुठल्या कुठं असतो. ज्या माणसाला काही ठाऊक नाही तो 'कसलं तांबं' म्हणून विचारतो. 'किती' विचारत नाही.

"काकी, ताईत व्हता ना?"

"चहा ठिवते," म्हणत त्या उठल्या. मी आडवा आलो नाही. चहा आला, तेव्हा बरोबर सगळी हकीकतही आली.

श्रावणात बाळू एक लांबचं भाडं घेऊन गेला होता, तेव्हा पाबे घाटात दरड आली. बाळूची जीप पुढं निघाली आणि मागं दगड आले. लोक म्हणाले वाचला. पण काकींना झोप लागेना. त्यांनी एका बुवाकडून तांब्याचा पत्रा करून आणला, त्यावर आकड्यांचं यंत्र, वर भोक, भोकात काळा दोरा.

"पयला आरशाला बांधला. तर ह्यो म्हणतो, पाशिंजर हसत्यात, आन् काढून ठिवला. मंग शिटाखाली घातला. तर कुणाच्या पोरानं काढून खेळायला घेतला. मंग म्हणलं आता गाडीच्या पोटातच घालावा. तितं कोण हात घालतंय?"

"आन् झाकण कसं कळलं?"

"कसं म्हंजी? दर आठवड्याला त्यो तेल वततो तवा बॅटरी कोण धरतं? मीच की. हात जोडले, नाव घेतलं आन् दिला सोडून. खाली पडल्याचा आवाजसुदिक आला."

मला हसू येत होतं आणि ते चहाच्या कपात लपवत होतो. खरं सांगायचं तर त्यात वेडेपण काही नव्हतं. पोराला ताईत बांधायचा तर दंडाला बांधतात, दंडाला टिकेना तर गळ्यात, गळ्यात टिकेना तर... बाई पायरी पायरीनं गेली होती. मेस्त्री म्हणवणारे कित्येक लोक एवढ्या क्रमानं विचार करत नाहीत.

"काकी, गाडीला काय झालेलं न्हाई. गिअरांनी चावून चुरा केला एवढंच. बाळूला सांगतो."

त्या एकदम कडक झाल्या. "सांगायचं न्हाई! आधीच त्याचा एक पाय भायेर हाय. म्हणंल, म्हातारीनंच गाडी मारली. मंग ह्या दारात कशाला यील?"

"मंग मी तांब्याचं काय सांगू त्याला?"

"त्ये तुमी बघा. तुमी इतकं बोलता, आजवर कधी खरं बोललाय का?"

याला म्हणतात गुणग्राहकता.

"बरं, ताईत केवढा व्हता?"

"बिस्किटाएवढा. चौकोनी. वरच्या कोपऱ्यात भोक."

गॅरेजात आलो आणि ताटातले सगळे मोठे तुकडे धुऊन एका पाटीवर जुळवले. पोरांच्या कोड्याच्या खेळात चित्र जुळवतात तसं. यंत्राचे आकडे होते म्हणून जुळलं, नाहीतर माझ्या बापालाही जमलं नसतं. बिस्किटाच्या तीन बाजू आल्या, मधला भाग आला. वरचा कोपरा नाही. भोक नाही, दोरा नाही.

आता इथं मला खरी भीती वाटली. चेंबरात तेल ओढणारा पंप असतो, त्याच्या तोंडाला जाळी असते. दोऱ्यासकट असला कोपरा त्या जाळीवर बसला तर तेल वर चढत नाही, आणि मग बेअरिंगचा चिरोटा खरोखरच जळतो. कोपरा सापडल्याशिवाय चेंबर बंद करणं म्हणजे बाळूला घाटात सोडून येण्यासारखं. मी जाळी काढली. पंप काढला. पुढची टायमिंगची पेटी उघडली. गिअरांचे दाते ब्रशनं घासले. तेलाच्या वाटांमधून हवा मारली. इंजिन असं धुतलं की त्यात खीर शिजवावी. कोपरा नाही.

नाना म्हणाले, "पचला असंल."

तेवढ्यात बाळू आला, शिरवळहून. अंगात इस्त्रीचा शर्ट. म्हणजे कंपनीवाल्यांना पसंत पडायला गेला होता. "काय मेस्त्री, निकाल काय?"

मी पाटी हळूच पोत्याखाली सरकवली, हात पुसले आणि घसा खाकरला. आता माझ्या आयुष्यातली मोठी कामगिरी होती. थापा मी हौसेनं मारत आलो होतो. दुसऱ्याच्या आईसाठी मारायची वेळ पहिलीच.

"इंजिन ठणठणीत हाय. बेअरिंग नवी नवरी."

"आन् तांबं?"

"त्याचं असंय बाळू. ह्या इंजिनाची जी पयली पयली जात निघाली ना, तिच्यात कंपनी एक तांब्याचा बिल्ला टाकायची. नंबरासाठी. आतल्या आत, चोरीबिरी झाली तर इंजिन ओळखू यावं म्हणून. लई कमी लोकांना ठावं हाय. तुझ्या गाडीचा बिल्ला म्हातारा हून निसटला, गिअरात गेला, चुरा झाला. संपलं."

थाप चांगली असली की नानांना राहवत नाही. "व्हय व्हय. आमच्या एसटीतबी असायचा. आमच्यात पितळंचा."

बाळूनं दोघांकडं बघितलं. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली, गुटख्याच्या पुडीचा चुरगाळलेला कागद काढला, उलगडला आणि माझ्यापुढं धरला.

तांब्याचा कोपरा. त्यात भोक, भोकात काळा दोरा.

"आन् कंपनी भोक पाडून त्यात काळा दोराबी ववती का, मेस्त्री?"

नाना म्हणाले, "आमच्यात लाल असायचा." पण त्यांचा आवाज खाली गेला होता.

मी खाली बसलो. तसं खोटं पकडलं गेल्याचं मला काही वाटत नाही, सवय आहे. पण मी आख्खं इंजिन धुऊन काढलं आणि कोपरा ह्याच्या खिशात!

"कवा उचललास?"

"काल. तुमच्या ताटातनं. बघितल्या बघितल्या वळखला. आरशावरनं मीच काढला व्हता की."

"मंग बोलला का न्हाईस?"

बाळू जीपच्या मडगार्डला टेकला. इस्त्रीच्या शर्टाला तेल लागलं, त्याला कळलंही नाही.

"नाना म्हणले इंजिन गेलं. मला वाटलं, बरं झालं. आता मी गाडी टाकली न्हाई, गाडीच मेली. आईला सांगायला तोंड र्‍हाईल. कोपरा राहिला असता तर तुमाला कळलं असतं इंजिनाला काय झालं न्हाई. म्हणून घेतला."

मी मेस्त्रीसारखंच बोललो. "कोपरा नसला तरी कळतंय बाळू. बेअरिंग सांगतं."

"आता कळलं." मग त्यानं विचारलं, "आईकडं गेला व्हता ना?"

"चहाला."

"काय म्हणली?"

"म्हणली, बाळूला सांगू नका."

तो हसला. तेलाच्या हातानं तोंड पुसलं, तेल तोंडाला लागलं. "पोटात घातला," तो स्वतःशीच म्हणाला. "आरसा काय, शीट काय, पोटातच घातला." मग माझ्याकडं न बघता, "मला कळलंय हे तिला सांगू नका."

म्हणजे आता मी दोघांच्याही वतीनं दोघांशी खोटं बोलायला बांधला गेलो. मेस्त्रीची मजुरी मिळते. याची कुणी देत नाही.

"आन् शिरवळ?"

त्यानं कोपरा उलटापालटा केला आणि माझ्या ताटात टाकला. "चेंबर बसवा. दिवाळीपर्यंत चालवतो. मंग बघू."

चेंबर बसवला. तेल भरलं, किल्ली मारली. एका झटक्यात चालू. नाना म्हणाले, "मी म्हणलंच व्हतं, इंजिनाला काय न्हाई."

हल्ली नव्या गाड्या येतात. त्यांचं तेल वरूनच नळी घालून यंत्रानं ओढून घेतात. चेंबर कुणी उघडतच नाही, ताट कुणी धूत नाही. काय बिघडलंय ते बारकं मशीन लावून वाचतात. पुतण्याकडेही एक आहे. वाईट नाही, झटपट सांगतं. पण गाळ तळाशी तसाच राहतो, आणि त्यात काय काय निघालं असतं याची हळहळ मला एकट्यालाच वाटते. रुखवताचं ताट मी घरी परत नेऊन दिलं. बायकोनं त्यात तांदूळ निवडायला नकार दिला. आता त्यात मांजर दूध पितं.

काकींसाठी मी एक सोय करून दिली. जुन्या फिल्टरचा डबा कापून, झाकण लावून, जीपच्या बॉनेटखाली बॅटरीशेजारी रिवेट मारून बसवला. गिअर तिथं पोचत नाहीत. दर खंडेनवमीला बाळू गाडी घेऊन येतो, मागच्या सीटवर काकी असतात. बाळू चाकांचे नट आवळायला लागतो, अगदी मान खाली घालून, आणि तेवढ्यात काकी मला पदराआडून ताईत देतात. मी तो डब्यात ठेवतो. नट आधीच आवळलेले असतात हे आम्हा तिघांत फक्त काकींना ठाऊक नाही, असं मला वाटतं. अलीकडे त्याचीही खात्री नाही. गेल्या वर्षी जाता जाता त्या म्हणाल्या, "त्याला सांगा, नट लई आवळू नको, आटं जातील."

हे छापून आल्यावर दोघांनाही कळणार, म्हणून संपादकांना विनंती केली आहे की हा अंक गुंजवण्यात पाठवू नये. पाठवलाच तर मी म्हणेन, सगळी थाप आहे. त्यावर दोघांचाही विश्वास बसेल.

शिरवळच्या कंपनीत बसवर आता दुसराच कुणी आहे. जीप अजून नसरापूरला येते. बाळू दिवाळीपर्यंत चालवतो म्हणाला होता. कोणत्या दिवाळीपर्यंत ते त्यानं सांगितलं नव्हतं, आणि मीही काही विचारलेलं नाही.